दवाखान्यातील संगणक : जुनी कार्यप्रणाली की क्लाउड?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या कार्यप्रणालीचा नियमित सुरक्षा-आधार थांबविला. या वार्तेचा आयुर्वेदीय व्यवसायाशी काही संबंध असेल असे प्रथमदर्शनी वाटत नाही. परंतु आपल्या सभासदांपैकी ज्यांच्या दवाखान्यात रुग्णनोंदी संगणकावर आहेत, किंवा ज्यांच्या औषधी दुकानात बिल, साठा आणि मुदतबाह्य मालाची नोंद संगणक करतो, त्या सर्वांपुढे या एका तारखेने प्रश्न उभा केला आहे. जुना संगणक जसा आहे तसा चालू ठेवावा, की आता सर्वत्र ज्याचा बोलबाला आहे त्या क्लाउड-आधारित व्यवस्थेकडे जावे?

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार तंत्रज्ञाच्या नव्हे, तर वैद्याच्या आणि औषधविक्रेत्याच्या दृष्टीने करावयाचा आहे. त्यातही बिद्रीसारख्या, कागल तालुक्यातील ऊसपट्ट्यात वसलेल्या आणि पावसाळ्यात वीज व दूरसंचार या दोहोंच्या लहरीवर चालणाऱ्या गावातून तो कसा दिसतो, हे मांडावयाचे आहे. पुणे-मुंबईस जे सहज शक्य आहे ते येथे तसेच्या तसे लागू पडत नाही. देश, काल आणि बल पाहून चिकित्सा ठरविणाऱ्या आपल्या शास्त्राच्या अनुयायांना हे वेगळे सांगावयास नको.

जुन्याचा आग्रह निराधार नाही

जुन्या संगणकास चिकटून राहणाऱ्यांची थट्टा करण्याची एक रीत अलीकडे पडली आहे. ती अन्यायाची आहे. ज्या औषधी दुकानदाराने पंचवीस वर्षांपूर्वी डॉसवर चालणारी, फॉक्सप्रोमध्ये लिहिलेली बिलाची प्रणाली घेतली, त्याचे काम त्या प्रणालीने वर्षानुवर्षे बिनतक्रार केले आहे. कळफलकावरील चार कळा दाबल्या की डॉट मॅट्रिक्स मुद्रकावर कार्बनसह बिल निघते. वर्गणी नाही, आंतरजाल नाही, परवलीचा शब्द विसरण्याची भीती नाही. दुकानातील नोकर बदलला तरी नव्यास दोन दिवसांत शिकविता येते. अशी सोय सोडावी असे कोणास का वाटावे?

शिवाय नव्याचा खर्च खरा आहे. विंडोज ११ साठी संगणकात टीपीएम २.० ही सुरक्षा-चकती आणि साधारणतः २०१८ च्या सुमाराचा किंवा त्यानंतरचा प्रक्रियक लागतो. त्यामुळे उत्तम स्थितीतील असंख्य यंत्रे केवळ या अटीमुळे अपात्र ठरली. विंडोज ११ ही केवळ ६४ बिटांची कार्यप्रणाली असल्याने जुने १६ बिटांचे डॉस प्रोग्रॅम तिच्यावर थेट चालत नाहीत. म्हणजे नवी कार्यप्रणाली घ्यावयाची तर नवे यंत्र, नवा बिल-प्रोग्रॅम आणि पुष्कळदा नवा मुद्रकही घ्यावा लागतो. लहान गावातील वैद्याने या खर्चापुढे थबकणे यात आळस नाही, व्यवहार आहे.

सर्वच जुने आसव नसते

तथापि 'जुने ते सोने' हे वचन कोठे लागू पडते आणि कोठे नाही, हे आपल्याइतके अन्य कोणास ठाऊक असणार? शार्ङ्गधराने औषधांच्या सवीर्यतेचा विचार करताना कल्पनांमध्ये स्पष्ट भेद केला आहे. आसवे, धातूंची भस्मे आणि रसकल्प जुने झाले की गुणवान होतात, तर चूर्ण थोड्याच काळात हीनवीर्य होते. जुनेपणा हा स्वतः गुणही नव्हे आणि दोषही नव्हे. द्रव्य कोणते, यावर सारे अवलंबून आहे.

संगणकाची कार्यप्रणाली ही या दृष्टीने चूर्णाच्या वर्गात मोडते. तिच्यात झीज होत नाही हे खरे, परंतु तिच्यातील उणिवा जसजशा जगास कळत जातात तसतसे तिचे संरक्षण क्षीण होत जाते. कंपनी आधार देत असते तोपर्यंत सापडलेली प्रत्येक उणीव बुजविणारे दुरुस्तीसंच येत राहतात. आधार थांबल्यावर उणिवा सापडणे थांबत नाही, बुजविणे मात्र थांबते. किंबहुना नव्या आवृत्तीसाठी निघालेली दुरुस्ती पाहूनच जुन्या आवृत्तीत तीच उणीव कोठे असेल याचा माग चोरांस काढता येतो. २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी, आणि विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी संपला. विंडोज १० च्या सर्वसाधारण ग्राहकांस कंपनीने नोंदणीच्या अटीवर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा-दुरुस्त्यांची वाढीव मुदत दिली. ही सवलत आहे, उपाय नव्हे.

याचे परिणाम काय होतात हे जगाने १२ मे २०१७ रोजी पाहिले. वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर विषाणूने सुमारे १५० देशांत संगणक कुलूपबंद केले. इंग्लंडमधील सरकारी आरोग्यसेवेच्या रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले, ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. या विषाणूने ज्या उणिवेचा फायदा घेतला तिची दुरुस्ती दोन महिने आधीच उपलब्ध होती. ज्यांनी ती बसविली नव्हती ते सापडले. एक्सपीचा आधार संपून तीन वर्षे झाली असतानाही कंपनीस त्या वेळी अपवाद म्हणून तिच्यासाठी दुरुस्ती काढावी लागली, यावरून प्रसंगाचे गांभीर्य लक्षात यावे. पुढच्याच महिन्यात आलेल्या नॉटपेट्या या विषाणूने आपल्या महाराष्ट्रात न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदराच्या एका टर्मिनलचे कामकाज विस्कळीत केले.

'माझा संगणक आंतरजालास जोडलेलाच नाही, मग मला कसली भीती?' असा प्रश्न अनेक सभासद करतात. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तरही अर्धे अनुकूल आहे. न जोडलेला जुना संगणक हा जोडलेल्या जुन्या संगणकापेक्षा निश्चितच सुरक्षित असतो. परंतु औषध कंपनीच्या प्रतिनिधीची पेन ड्राइव्ह त्यास जोडली जाते, लेखापालाकडे माहिती त्याच मार्गाने जाते, आणि विषाणूही त्याच मार्गाने येतो. दुसरे असे, की बारा-पंधरा वर्षांच्या चकतीचे आयुष्य सरत आलेले असते. ती बंद पडते तेव्हा पूर्वसूचना देतेच असे नाही.

शिवाय न जोडता राहणे आता दुकानदारास शक्य उरलेले नाही. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे आंतरजालावरच भरावी लागतात. आयुर्वेदीय औषधनिर्मितीच्या परवान्यांसाठी केंद्र शासनाचे ई-औषधी संकेतस्थळ फेब्रुवारी २०१९ पासून आहे. एक्सपीवरील मूळ न्याहाळकास आजची सुरक्षित संकेतस्थळे उघडताच येत नाहीत, आणि क्रोम या न्याहाळकाच्या नव्या आवृत्त्या २०२३ पासून विंडोज ७ वर बसत नाहीत. २२ सप्टेंबर २०२५ रोजी बहुतेक आयुर्वेदिक औषधांवरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. ज्यांची प्रणाली चालू आधारावर होती त्यांचे दर एका अद्ययावतीकरणाने बदलले. ज्यांच्या प्रणालीचा कर्ता कधीच व्यवसाय सोडून गेला होता, त्यांना एकेका औषधापुढे दर हाताने बदलण्यावाचून गत्यंतर नव्हते.

क्लाउडचे गुण

क्लाउड म्हणजे काय, याविषयी उगाच गूढ निर्माण केले जाते. आपली माहिती आणि आपला प्रोग्रॅम आपल्या टेबलावरील यंत्रात न राहता दूरच्या एखाद्या माहिती-केंद्रातील यंत्रात राहतो व आपण आंतरजालावरून तो वापरतो, एवढाच त्याचा अर्थ. क्लाउड-आधारित कार्यप्रणालीत हे तत्त्व संगणकाच्या मुळापर्यंत नेलेले असते. गूगलच्या क्रोम ओएसवर चालणारे संगणक २०११ मध्ये बाजारात आले. त्यात संगणक सुरू केला की मुख्यतः न्याहाळकच उघडतो आणि जवळपास सर्व कामे त्यातूनच होतात. याच प्रणालीची फ्लेक्स नावाची आवृत्ती २०२२ पासून जुन्या विंडोज यंत्रांवर विनामूल्य बसविता येते. मायक्रोसॉफ्टनेही २०२१ मध्ये विंडोज ३६५ या नावाने संपूर्ण विंडोजच भाड्याने, दूरस्थ स्वरूपात देऊ केले.

या व्यवस्थेचे गुण खरे आहेत आणि ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजेत. सुरक्षा-दुरुस्त्या आपोआप बसतात. टेबलावरील यंत्र चोरीस गेले, पाण्यात बुडाले किंवा विजेच्या दाबाने जळाले, तरी नोंदी शाबूत राहतात. दुसरे यंत्र आणून नाव व परवलीचा शब्द दिला की काम पुढे चालू होते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन महापुरांत कोल्हापूर जिल्ह्यात ज्यांच्या दुकानांत पाणी शिरले, त्यांना या एका गुणाचे मोल सांगावयास नको.

आपल्या व्यवसायापुरते आणखी एक कारण आहे. २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा देशव्यापी आरंभ झाला आणि रुग्णास १४ अंकी आभा क्रमांक मिळू लागला. आयुष मंत्रालयाच्या नमस्ते संकेतस्थळाने आपल्या व्याधिनामांस प्रमाणित संकेतांक दिले, आणि जानेवारी २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत आयुर्वेद, सिद्ध व युनानी यांच्या निदानांसाठी स्वतंत्र विभाग खुला केला. आमवात, ग्रहणी, तमकश्वास ही नावे आता जागतिक वर्गीकरणात स्थान पावली आहेत. आयुर्वेदाचा पुरावा मागणाऱ्यांस उत्तर द्यावयाचे तर ते आपल्या दवाखान्यांतील नोंदींतूनच द्यावे लागेल. बंद पडत चाललेल्या यंत्रात कुलूपबंद राहिलेल्या नोंदी त्या कामी येणार नाहीत.

आणि क्लाउडचे दोष

परंतु क्लाउडची जाहिरात करणारे ज्या गोष्टी सांगत नाहीत त्याही पाहिल्या पाहिजेत.

पहिला दोष ग्रामीण भागात उघडच आहे. आंतरजाल बंद पडले की क्लाउडवरील दवाखानाही बंद पडतो. गारगोटी मार्गावरील या पट्ट्यात जुलै-ऑगस्टमध्ये वीज जाणे आणि मोबाइलचा संदेश नाहीसा होणे ही नवलाची गोष्ट नाही. २०१९ च्या महापुरात पुणे-बंगळूरु महामार्ग अनेक दिवस बंद होता आणि पूरग्रस्त भागात वीज व दूरध्वनी दोन्ही गेले होते. अशा वेळी नोंदी दूरच्या माहिती-केंद्रात सुरक्षित असतात, परंतु समोर बसलेल्या रुग्णास मागील वेळी कोणते अनुपान दिले होते हे कळत नाही. पुरातून नोंदी वाचविणारी व्यवस्था पुराच्या दिवसांतच उपयोगी पडत नाही, हा विरोधाभास ध्यानात ठेवला पाहिजे.

दुसरा दोष परावलंबनाचा. गूगलने २००८ मध्ये व्यक्तिगत आरोग्यनोंदींसाठी गूगल हेल्थ ही सेवा सुरू केली आणि १ जानेवारी २०१२ रोजी ती बंद केली. मायक्रोसॉफ्टची हेल्थव्हॉल्ट ही तशीच सेवा २००७ मध्ये आली व नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद झाली. दोन्ही कंपन्या बुडालेल्या नव्हत्या, त्यांना ती सेवा चालविणे पुढे परवडेना वा गरजेचे वाटेना, इतकेच. जुलै २०२५ मध्ये नायरा एनर्जी या भारतातील मोठ्या तेलशुद्धीकरण कंपनीच्या मायक्रोसॉफ्टवरील सेवा युरोपीय निर्बंधांच्या पार्श्वभूमीवर अचानक खंडित झाल्या. कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली आणि त्यानंतर काही दिवसांत त्या पूर्ववत झाल्या. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत, तर गावातील औषधी दुकानदाराने कोणाकडे दाद मागावी?

तिसरा दोष असा, की दूरचे माहिती-केंद्र म्हणजे अक्षय पात्र नव्हे. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन येथील शासकीय माहिती-केंद्रास आग लागली आणि शासकीय कर्मचाऱ्यांची ८५८ टेराबाइट माहिती नष्ट झाली, कारण त्या साठ्याची दुसरी प्रत अन्यत्र ठेवलेलीच नव्हती. तंत्रज्ञानात अग्रेसर मानल्या जाणाऱ्या देशाच्या शासनाची ही कथा आहे.

याउलट नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे उदाहरण पाहावे. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी तेथील पाच सर्व्हर खंडणीखोर विषाणूने निकामी केले आणि सुमारे दोन आठवडे नोंदणीपासून तपासणी-अहवालांपर्यंत सारे काम हाताने करावे लागले. तेथे नोंदी वाचल्या त्या बाधा न पोहोचलेल्या एका राखीव सर्व्हरवरील प्रतीमुळे. कोरियात दूरचे केंद्र होते पण प्रत नव्हती, दिल्लीत सर्व्हर संस्थेचेच होते पण प्रत होती. नोंदी कोठे आहेत यापेक्षा त्यांच्या प्रती किती आणि कोठे आहेत, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

चौथी गोष्ट कायद्याची. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि त्यातील बहुतेक बंधने टप्प्याटप्प्याने लागू होण्याची तरतूद आहे. त्यानुसार रुग्णाची माहिती घेणारा वैद्य किंवा संस्था हीच तिच्या सुरक्षेस उत्तरदायी आहे. प्रत्यक्ष साठवणूक एखाद्या क्लाउड कंपनीकडे सोपविली म्हणून ते उत्तरदायित्व त्या कंपनीवर ढकलता येत नाही. आधार संपलेल्या संगणकावर रुग्णांची माहिती ठेवणाऱ्यासही हाच नियम आहे. दोन्ही बाजूंस पळवाट नाही.

मराठी नोंदींचे विशेष संकट

या वादात एक मुद्दा सहसा कोणी मांडत नाही आणि तो आपल्या दृष्टीने सर्वांत निकडीचा आहे. नव्वदच्या दशकात व त्यानंतर आपण मराठीत जे टंकलिखित केले, ते बहुतांशी श्रीलिपी, आकृती, किंवा पुण्याच्या सी-डॅक संस्थेच्या आयएसएम प्रणालीतील डीव्हीटीटी योगेश व सुरेख यांसारख्या टंकांत केले. त्या टंकांमागील संकेत एकमेकांशी जुळत नसत. युनिकोड या सर्वमान्य संकेतप्रणालीत देवनागरीचा आधार विंडोजमध्ये विंडोज २००० पासून आला, तरी जुने टंक पुढेही अनेक वर्षे वापरात राहिले.

याचा परिणाम असा, की जुन्या यंत्रावर जे 'वातकफज तमकश्वास, कोष्ठ क्रूर, अग्नी मंद' असे स्वच्छ दिसते, तेच नव्या यंत्रावर तो टंक नसेल तर रोमन अक्षरांची निरर्थक माळ होऊन दिसते. क्लाउडवर चढविले तरी ती माळच चढते. तेथे शोध घेता येत नाही, संकेतांक जोडता येत नाही, वाचताही येत नाही. रूपांतर करणारी साधने उपलब्ध आहेत, पण जोडाक्षरे व रफार तपासून घ्यावेच लागतात, आणि कोणता शब्द बरोबर होता हे सांगणारा वैद्य हयात असेपर्यंतच हे काम नीट होऊ शकते. जुने यंत्र उद्या बंद पडले तर नवे विकत मिळेल, परंतु गुरुजनांनी वीस-वीस वर्षे नोंदविलेली रुग्णपत्रे, त्यांतील नाडीचे वर्णन, दिलेले कल्प आणि आलेला उपशय, हे पुन्हा कोठून आणावयाचे? ज्या दवाखान्यात असा साठा आहे, तेथे कार्यप्रणालीचा निर्णय नंतर घ्यावा. आधी त्या नोंदी युनिकोडमध्ये आणाव्यात.

वारणेचा धडा

यंत्र बदलण्यापूर्वी गरज ओळखावी, हे आपल्याच जिल्ह्याने एकदा शिकविले आहे. १९९८ मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र आणि वारणा सहकारी समूह यांनी कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील ७० गावे संगणकाने जोडण्याचा 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प हाती घेतला. त्याची देशभर वाखाणणी झाली. शेती, आरोग्य, शिक्षण अशा अनेक सेवा गावातील केंद्रावर मिळाव्यात असा मानस होता. पुढील दशकात मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरु येथील संशोधन संस्थेने पाहणी केली तेव्हा असे आढळले, की शेतकऱ्यांचा प्रत्यक्ष वापर मुख्यतः ऊस व खत यांच्या नोंदींपुरताच होता आणि संगणकांची देखभाल मात्र जड जात होती. मग सात गावांत संगणकाच्या जागी साध्या मोबाइलवरील लघुसंदेशाने तेच काम करून पाहण्यात आले, आणि ते झाले.

यातून संगणक नको असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. आपण खरोखर काय वापरतो याची यादी आधी करावी, हा त्यातील धडा आहे. वैद्याची गरज तीन गोष्टींची असते : मागील रुग्णपत्र तत्काळ दिसणे, नवे लिहिणे, आणि ते पुढे सुरक्षित राहणे. दुकानदारास ग्राहक समोर असताना बिल काढता आले पाहिजे, गट क्रमांक व मुदत यांसह साठा ठाऊक असला पाहिजे आणि कराचे विवरण भरता आले पाहिजे. यांपैकी रुग्णपत्र दिसणे आणि बिल निघणे ही कामे आंतरजाल नसतानाही झालीच पाहिजेत. प्रत सुरक्षित राहणे आणि विवरण भरणे ही कामे आंतरजालाशिवाय नीट होऊ शकत नाहीत. जुने की नवे या वादाचा निकाल या विभागणीतच आहे.

पादांशिक क्रम

माझे मत स्पष्टपणे मांडतो. आधार संपलेल्या कार्यप्रणालीवर आंतरजालाचा वापर करीत राहणे हे अपथ्य आहे आणि ते सोडलेच पाहिजे. परंतु आमच्यासारख्या भागात संपूर्ण दवाखाना वा दुकान क्लाउडच्या स्वाधीन करणे हेही पथ्य नव्हे. चालू आधार असलेली कार्यप्रणाली, टेबलावरील यंत्रात चालणारे मूळ काम आणि क्लाउडवर नियमित जाणारी प्रत, हा मध्यममार्ग आपल्यास हितकर आहे.

हा बदल एकदम करू नये. सात्म्य झालेले अहितकर द्रव्यही एकाएकी सोडल्यास विकार उत्पन्न होतात, म्हणून चरकाचार्यांनी ते एक-चतुर्थांशाने सोडीत, हितकर द्रव्य तेवढ्याच अंशाने घेत, मध्ये अंतर ठेवून पुढे जाण्याचा क्रम सांगितला. तोच येथे योजावा.

पहिला पाद : जुने यंत्र आंतरजालापासून वेगळे करावे व त्यातील सर्व माहितीच्या दोन प्रती दोन वेगळ्या चकत्यांवर घ्याव्यात. एक प्रत दवाखान्याबाहेर, उंचावरील जागी ठेवावी.

दुसरा पाद : आंतरजालाची कामे, म्हणजे करविवरण, पत्रव्यवहार व शासकीय संकेतस्थळे, एका वेगळ्या यंत्रावर न्यावीत. येथे क्रोम ओएस फ्लेक्स किंवा सी-डॅकच्या बॉसप्रमाणे लिनक्सवर आधारलेली एखादी विनामूल्य प्रणाली जुन्या यंत्रावर बसवून भागू शकते. अंकीय स्वाक्षरीची कळ, मुद्रक आणि मराठी टंकलेखन तीवर चालते की नाही हे मात्र आधी पडताळावे.

तिसरा पाद : जुन्या मराठी नोंदींचे युनिकोडमध्ये रूपांतर करावे. सर्व एकदम शक्य नसेल तर जीर्ण व्याधींच्या, अद्याप येत असलेल्या रुग्णांपासून आरंभ करावा.

चौथा पाद : मूळ रुग्णनोंदी व बिलाचे काम चालू आधाराच्या कार्यप्रणालीवर न्यावे. नवा प्रोग्रॅम घेताना विक्रेत्यास तीन प्रश्न लेखी विचारावेत. आंतरजाल नसताना बिल निघेल काय? माझी सर्व माहिती, कोणत्याही दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडेल अशा साध्या तक्त्याच्या स्वरूपात, मला हवी तेव्हा मिळेल काय? वर्गणी थांबविल्यास ती किती दिवस उपलब्ध राहील? या प्रश्नांची टाळाटाळ करणाऱ्याकडून काहीही घेऊ नये.

कराच्या कायद्याप्रमाणे हिशेब वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. औषधनिर्मात्यास अनुसूची टी प्रमाणे गटवार नोंदी ठेवाव्या लागतात. एखादा गट परत मागविण्याची वेळ आली तर तो कोणाकडे गेला हे काही मिनिटांत सांगता आले पाहिजे. म्हणून ही प्रत घेणे हा विधी नव्हे, तो व्यवसायाचा भाग आहे. प्रत घेतली यावरही समाधान मानू नये. ती उघडून, दोन-चार रुग्णपत्रे वाचून पाहावीत. आपले हे त्रैमासिक हाती पडेल तेव्हा दर वेळी एकदा हे करावे, म्हणजे वर्षातून चार वेळा होईल.

संघटनेने काय करावे

एकेकट्या वैद्यास विक्रेत्याशी घासाघीस करणे कठीण असते. संघटनेने सभासदांच्या वतीने वरील अटींचा एक नमुना-करार तयार करावा, जुन्या टंकांतील नोंदींच्या रूपांतरासाठी तालुकानिहाय शिबिरे घ्यावीत, आणि आयुर्वेद महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांस त्यात सहभागी करून घ्यावे. जुनी रुग्णपत्रे ज्येष्ठांसमवेत वाचून शुद्ध करणे याहून चांगला पाठ त्यांना कोठे मिळणार? मात्र रुग्णांची गोपनीयता राखण्याचा लेखी नियम त्याआधी झाला पाहिजे.

आमच्या भागातील ऊस उत्पादकाचा एक रिवाज येथे सांगण्याजोगा आहे. त्याच्या उसाचे वजन कारखान्याच्या काट्यावर होते आणि कारखान्याच्या संगणकात नोंदले जाते. कारखाना सहकारी, म्हणजे त्याचा स्वतःचाच. तरीही वजनाची पावती तो घरी जपून ठेवतो. यात अविश्वास नाही. आपल्या मालाची नोंद आपल्या हाती असावी, एवढी साधी सावधगिरी आहे. रुग्णाने आपल्यावर विश्वासून सांगितलेली प्रत्येक गोष्ट ही आपल्याकडील ठेव आहे. ती कोणत्या यंत्रात आणि कोणत्या कंपनीकडे ठेवावी हे काळानुरूप बदलेल, परंतु तिची एक वाचता येणारी प्रत आपल्या हाती असलीच पाहिजे. एवढे पथ्य पाळून जो पुढे जाईल त्याने क्लाउडला भिऊ नये, आणि जुन्या यंत्राचा निरोप घेतानाही हळहळू नये.